अप्पांची क्लॅरिनेट आणि रशियन सिंफनी

मी निपाणीहून बेंगळुरूची बस धरली त्या दिवशी अप्पांची एका वरातीची सुपारी होती. बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, तसेच धावत स्टँडवर आले. बसमध्ये माझ्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी होत्या. मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही निघा आता, वरात खोळंबेल." ते लगेच मागे सरले. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं. पुढे मी बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले, तेव्हा वडील काय करतात म्हणून विचारल्यावर मी 'शेती' असं सांगितलं. आमची गुंठाभरही जमीन नाही.

गेल्या महिन्यात अप्पा इथं आले होते. माझ्या विभागातल्या शोभा अक्कांनी आम्हा दोघांना ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला नेलं. आधी आजच्या काळातली एक रचना, मग रशियन सिंफनी. नव्या रचनेत व्हायोलिनं मध्येच किंचाळायची, मध्येच सगळं गप्प. मला धास्ती, आता अप्पा मोठ्यानं काहीतरी बोलणार. ते मात्र पुढं झुकून क्लॅरिनेटवाल्या मुलीकडं बघत होते. "तीबी पत्ती जिभेनं ओली करतीया बघ," एवढंच पुटपुटले. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेली पत्ती अप्पाही वाजवण्याआधी अशीच ओली करतात.

सिंफनी संपली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. अप्पा बसूनच.

"उठलं व्हय समदं? पंगत बसली जणू."

ते वाजवत असताना लोक आजवर उठले ते जेवायलाच. बँडवाल्यांची पानं शेवटच्या पंगतीला.

"वाजवणाऱ्यांसाठी उभे राहिलेत, अप्पा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग उठले, शर्ट नीट केला, आणि बाकीचे थांबले तरी टाळ्या वाजवत राहिले.

बाहेर अक्कांनी मला हळूच विचारलं, "स्वल्प बोअर झालं का त्यांना? शेतीतला माणूस."

"शेती मी खोटं सांगितलं होतं, अक्का. अप्पा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. चाळीस वर्षं."

अक्का अप्पांकडं वळल्या. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, त्या मुलीनं कसं वाजवलं? सीमेवरच्या माणसाला कन्नड काय नवं. "झकास," अप्पा आपल्या गावाकडच्या कन्नडमध्ये म्हणाले, "पण खुर्चीत बसून. दोन मैल चालत वाजवायला सांगा, मग दम कळेल." अक्का हसल्या, आणि पार्किंगपर्यंत त्यांना प्रश्न विचारत राहिल्या. मी मागून चालत होते. इतकी ताठ मान माझी पदवी घेतानाही नव्हती.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी नुसतं 'बेळगाव साइड' म्हणून सुटायचे. आता पुरं सांगते: निपाणी, बँडवाल्यांची गल्ली.