ओद्नीचं मेण

चढावर मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला आजच्या बर्फात कोणतं मेण लावायचं, हे विचारायला खोऱ्यातली माणसं ओद्नीच्या गोठ्याच्या दारात येत. ती मूठभर बर्फ घेई, हळूच दाबी आणि सांगे. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपलं मेण चुकलं, असं तिनं कबूल केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

दगा दिला तो खुब्यानं. डावा खुबा शस्त्रक्रियेनं बदलून घेतल्यावर अख्खा हिवाळा खिडकीशी गेला. एप्रिलमध्ये तिची बालमैत्रीण गुरो तिला स्कीवर फिरायला न्यायला आली, तेव्हा ओद्नीनं बजावलं, "काळ्या तळ्यापर्यंत पोचले तर ठीक. नाही तर या स्की लेकीकडे. पुन्हा विषय काढायचा नाही."

"बरं बाई. पण आधी निघ तरी!"

ऊन चढलं होतं, बर्फ ओला आणि रवाळ झाला होता. ओद्नीनं नळीतलं चिकट मेण माखलं. गुरोनं डबीतलं, कोरड्या बर्फासाठीचं घट्ट निळं मेण घासलं.

"मागं घसरशील," ओद्नी म्हणाली.

"घसरेन. तुझी ती काकवी मला नको."

पहिल्याच चढावर गुरो घसरून बर्चच्या झाडाला मिठी मारून उभी राहिली. ओद्नी हसत हसत पुढं निघून गेली. पाय नीट उचलत होते. दुपारी एका खडकावर बसून दोघींनी पावावर तपकिरी चीज खाल्लं, संत्रं सोललं. तळं आता एका डोंगराआड होतं.

डोंगराला वळसा घालू लागल्या आणि सावली लागली. इथं रात्रीचा बर्फ पिठासारखा कोरडा पडून होता. गुरो सुळकन पुढं गेली. ओद्नीचा डावा पाय मात्र जड झाला. थोड्या वेळानं उजवाही. जणू कुणी मागून धरून ठेवत होतं. महिनोन् महिने ज्याची धास्ती घेतली, तेच हे. चांगला पायसुद्धा थकला, म्हणजे संपलंच. ती थांबली.

गुरो मागं वळून आली. "काय झालं गं?"

"तू जा. तळं बघून ये. माझ्यानं होत नाही."

"दुखतंय?"

"दुखत नाही. उचलतच नाहीत."

गुरोनं तिच्याकडं पाहिलं, मग खाली. "पाय वर कर बघू."

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

ओद्नीनं काठ्यांवर भार देऊन स्की उचलली. तळाला चार बोटं जाडीचा बर्फ थिजून लोंबत होता. दुसरीलाही तसाच. चिकट मेणानं सगळं पीठ गोळा करून घेतलं होतं.

"मेण चुकलं तुझं!" गुरो ओरडली. "अगं, मेण!"

ओद्नी बघतच राहिली. मग अशी हसली की खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी आलं.

"चुकलं," ती म्हणाली. "साफ चुकलं. पुन्हा म्हण."

"आता गावभर म्हणते."

"म्हण, म्हण! चर्चच्या दारात उभी राहून म्हण."

चाकूनं खरवडत, निळं मेण मागून घेत, ते बुचाच्या तुकड्यानं घासून बसवत दोघी बराच वेळ तिथं बसल्या. ओद्नीनं स्की बांधल्या, एक पाय टाकला, दुसरा टाकला. दोन्ही हलके.

कोऱ्या बर्फात वाट फोडायला ती पुढं झाली.

"मी जाते ना पुढं!" गुरो म्हणाली.

"मागंच राहा," ओद्नी म्हणाली. डोंगराचा वळसा संपला आणि खाली पांढरं, रुंद, उन्हात पसरलेलं तळं दिसलं.

ती थांबली नाही. उतार सुरू झाला होता.