माफीची खोली

तीन माणसं एकत्र बोलताना दिसली की खोलीसाहेबांना त्यांच्यासाठी खोली बांधावीशी वाटे. हे नाव सलीमभाईंनी दिलेलं. आमच्या दैनिकाच्या बीड कार्यालयात सलीमभाई संगणकावर पानं लावत आणि मी उपसंपादक होतो. साहेब प्रमुख म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या बॅगेत कार्यालयाचा नवा आराखडा होता. बातमीदारांची ओळख करून घेण्याआधी त्यांनी मोजमापाचा टेप मागवला.

तोवर आम्ही सगळे एका लांब टेबलाभोवती बसत होतो. संध्याकाळी पान छपाईला पाठवण्याआधी सलीमभाई त्यातली नावं आणि फोटोओळी मोठ्यानं वाचत. जाहिरातीचा माणूस, एसटीनं आलेला तालुक्याचा वार्ताहर, कोणीही हरकत घेई. "अबे, हा सरपंच न्हाई, त्याचा मेव्हणा हाय!" एवढ्यावर चूक टळे. साहेबांनी पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि वहीत एकच शब्द लिहिला: गोंगाट.

महिनाभरात टेबल गेलं. त्या जागी काचेच्या तीन खोल्या आल्या. प्रत्येकीत चार खुर्च्या आणि एक पांढरा फळा. "लहान जागेत माणसं जवळ येतात आणि सहकार्य वाढतं," असं साहेब म्हणत. माणसं जवळ आली हे खरं आहे, गुडघ्याला गुडघा लागत होता. खोलीत जाण्याआधी नोंदवहीत वेळ, विषय आणि 'अपेक्षित निष्पत्ती' लिहावी लागे. तलवाड्याचे वार्ताहर दत्ताआबा यांनी निष्पत्तीच्या रकान्यात एकदा 'च्या' लिहिलं. साहेबांनी त्याखाली लाल शाईनं खुलासा मागवला.

नावांचं वाचन अर्थातच बंद झालं. "आता डब्यात बसून कुणाला ऐकवू?" सलीमभाईंनी विचारलं. साहेबांनी उत्तरादाखल फळ्यावर एक वर्तुळ काढलं आणि त्यातून चार बाण बाहेर काढले.

माणूस दुष्ट नव्हता. सकाळी सर्वांआधी येऊन तो स्वतःच्या रुमालानं काचांवरचे बोटांचे ठसे पुसत असे. मात्र काचेपलीकडे कोण बसलंय, हे त्यानं फारसं पाहिलं नाही.

एका दुपारी दत्ताआबांनी बातमी आणली. मुलांचा पोषण आहार परस्पर विकल्याच्या आरोपावरून एक अंगणवाडी सेविका निलंबित झाली होती. सोबतच्या फोटोत दोन सेविका होत्या. निलंबित बाई डावीकडची, हे आबांनी मला पहिल्या खोलीत सांगितलं. मी बातमी लिहिली. सलीमभाई तिसऱ्या खोलीत होते आणि मधल्या खोलीत साहेबांची समन्वय बैठक चालू होती. तिथून मला बोलावणं आलं, आणि कोणती बाई ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सलीमभाईंनी अंदाजानं उजवीकडचीचा चेहरा कापून बातमीत लावला. पूर्वीच्या टेबलावर पान सगळ्यांसमोर ठेवून ती फोटोओळ वाचली गेली असती आणि आबा खुर्चीतून उठले असते. त्या संध्याकाळी आबा बाहेरच्या जिन्यावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी उजवीकडची बाई आली. मागे मान खाली घालून आबा होते. साहेबांनी तत्परतेनं मधल्या खोलीचं दार उघडून धरलं. "ताई, आत बसू. शांतपणे बोलू."

बाई दारातून हलली नाही. "फोटू समद्या जिल्ह्याला दावला, अन् माफी डब्यात कावून? आज एकबी लेकरू आलं न्हाई माझ्या अंगणवाडीत. आया म्हंत्यात, चोरटीकडं पाठवायचं न्हाई. काय बोलायचं ते हितं बोला."

तिन्ही खोल्यांची दारं उघडली. सगळे खोल्यांपुढच्या बोळात येऊन उभे राहिले. इतकी माणसं एका ठिकाणी साहेबांच्या काळात पहिल्यांदाच जमली.

"चूक आमची आहे," साहेब म्हणाले.

"नाव घेऊन सांगा. कुणाचा फोटू चुकला?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना नाव माहीत नव्हतं.

"कुसुम आसाराम गाडे," आबा म्हणाले.

"कुसुम आसाराम गाडे यांचा फोटो आम्ही चुकून छापला," साहेब म्हणाले. आवाज बारीक होता. बाईनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा आवाज जिन्यापर्यंत गेला. दिलगिरी त्यांनी स्वतः लिहिली आणि त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापली. तिच्याकडची मुलं परतायला मात्र दोन आठवडे लागले.

त्या दिवसापासून सलीमभाई कोणाला न विचारता बोळात उभे राहून नावं वाचू लागले. साहेबांनी हरकत घेतली नाही आणि परवानगीही दिली नाही.

वर्ष सरता सरता त्यांची बढतीवर बदली झाली. निरोप समारंभ त्यांनी मधल्या खोलीत ठेवला. आम्ही नऊ जण होतो. पाच जणांनी बाहेरून काचेतून त्यांचे हलणारे ओठ पाहिले. सहकार्यावर बोलत असावेत.

समारंभ संपला तेव्हा पान जायची वेळ झाली होती. साहेब बॅग घेऊन निघाले. बोळात वाचन चालू होतं. ते जिन्याच्या तोंडाशी थांबले आणि वाचून होईपर्यंत ऐकत राहिले. सलीमभाईंनी कागदाची घडी घातली.

"फोटोओळी राहिल्या," साहेब म्हणाले आणि खाली उतरले.