मावसाजींनी शिवलेला ब्लाउज

बालाघाटच्या पंचक्रोशीत बायकांच्या दंडांकडे इतक्या निर्मळ मनानं टक लावून पाहणारा दुसरा पुरुष झाला नसेल, आणि त्या निर्मळपणापायी मार खाता खाता वाचलेलाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसाजी. तिरोडीच्या मँगनीज खाणीत हजेरी मांडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अंगानं काटकुळे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि घरातला नळ गळायला लागला तर पाना शोधायच्या आधी 'गळणं म्हणजे नेमकं काय' यावर विचार करत बसणारे. मावशी त्यांच्या दुप्पट. उंच, भरदार, हसली की फळीवरच्या बश्या किणकिणायच्या.

निवृत्तीनंतर दोघं बालाघाटला राहायला आली आणि मावशी लग्नाकार्यांना जाईनाशी झाली. कारण विचारलं की गुडघे. मावसाजींनी लगेच गुडघे मनावर घेतले. तेलं आणली, लामत्याहून कसला तरी पाला आणला, रोज संध्याकाळी पाट घेऊन तिचे पाय चोळत बसायचे. एका बारशाच्या दिवशी ती पुन्हा "गुडघे" म्हणाली, आणि थोड्या वेळानं धुण्याची भरलेली बादली घेऊन तरातरा गच्चीवर चढून गेली. मावसाजी मागोमाग वर.

"गुडघे दुखते म्हणतं ना वो तू?"

मावशी दोरीवरचे कपडे उगाचच सारखे करत राहिली. मग म्हणाली, "गुडघे नाही दुखत जी. ब्लाउज दंडात काचते. हात वर केला का बगलेत उसवते. आन् तो टेलर भर दुकानात म्हणते, भाभीजी, इतने कपडे में तो आपकी एक आस्तीन बनेगी. सारे हासले. मीबी हासलो. आता मले नाही जाचं कुठी."

मावसाजी खाली आले ते थेट आमच्या घरी, आईचं बंद पडलेलं शिवणयंत्र मागायला.

त्यानंतर त्या घरात कुणाला सुख राहिलं नाही. मावशीचे जुने ब्लाउज उसवून गादीखाली दाबले गेले. वर्तमानपत्रं कापून कागदी ब्लाउज तयार झाले आणि मावशीला ते घालून पोळ्या लाटाव्या लागल्या, कारण लाटताना कागद कुठे फाटतो ते मावसाजींना बघायचं होतं. एकदा दूधवाल्यासाठी ती तशीच दारात गेली आणि तो तिच्या दंडावरची क्रिकेटची बातमी अर्धी वाचून मोकळा झाला. पहिला खरा ब्लाउज असा बसला की हात खालीच येईनात. पोलिसांना शरण गेल्यासारखी मावशी घरभर फिरली. जेवताना मावसाजी घास हातात धरून एकदम ओरडायचे, "खांदा हाडाचा असते! छाती भरली म्हणून खांदा काहून वाढंल? हे टेलर लोक सारंच वाढवून ठेवते!" आणि ताट तसंच टाकून उठायचे. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपी 'माया' म्हणतात, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच जेवता जेवता कळलं.

परसवाड्याच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. एक चांगली धष्टपुष्ट बाई डोक्यावरची पाटी उतरवत होती. हात पार वर, तरी ब्लाउज जागचा हलला नाही. मावसाजी तिच्या मागे निघाले. ती कांद्यांकडे, हे कांद्यांकडे. ती मिरच्यांकडे, हे मिरच्यांकडे. मी हाका मारेपर्यंत तिच्या भावानं त्यांची कॉलर धरली होती.

"क्या देख रहा है बे?"

"भाईसाब, बगल!" मावसाजी कळवळून म्हणाले. "माँ कसम, सिर्फ बगल देख रहा था!"

गर्दी आवळत आली. कुणीतरी चप्पल काढली.  मावसाजींच्या डोक्यात मात्र भीती शिरायला जागाच नव्हती. ते त्या बाईलाच विचारू लागले, "बाई, माझ्या बायकोले हात वर करता येत नाही. तुमाले कसा येते?" बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं भावाचा हात बाजूला केला आणि आपला हात वर धरला. बगलेत कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडलेला होता. "मायनं लावून देल्ला," ती म्हणाली. मावसाजींनी तिला नमस्कार केला. घरी येईपर्यंत बसमध्ये ते बोटानं हवेत चौकोन काढत होते.

आणि मग सुजाताचं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. भरल्या हॉलमध्ये वधूच्या आईनं बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घालायचा, म्हणजे सगळ्यांसमोर हात वर करायचा. मावशीनं आधीच जाहीर केलं, "हार जाऊबाई घालतीन. मी आतल्या खोलीत बसतो." मावसाजी म्हणाले, "तू घालशीन." सुजातानं आईसाठी जांभळी रेशमी साडी आणली होती. तिच्यातलंच ब्लाउजचं कापड काढून त्यांनी कात्री चालवली.

लग्नाच्या आदल्या दुपारी मी मदतीला गेले, तर मावसाजी यंत्रापुढे पांढरेफटक बसलेले. त्यांनी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या होत्या. तसं कापड बालाघाटात मिळणं शक्य नव्हतं. उरलेल्या चिंध्या त्यांनी चारचारदा जोडून पाहिल्या. दारात मावशी उभी होती.

"राहू द्या जी," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलंच होतं, आत बसतो."

"साडीतून काढता येते," मावसाजी खाली मान घालून म्हणाले. "कमरेत खोसतं तो आतला कोपरा. दिसत नाही तो. पण पोरीनं आणलेली साडी..." ते हातातली कात्री नुसती उघडत-मिटत होते.  

मावशी पुढे आली. तिनं त्यांच्या हातातली कात्री घेतली, साडीचा आतला कोपरा ताणला आणि सरळ चालवली. "घ्या," ती म्हणाली. "आता शिवा नीट."

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. भंतेजींनी खूण केली. मावशी जांभळ्या साडीत पुढे झाली तशी बायकांमधली कुजबुज थांबली. तसबिरी उंचावर होत्या. मावसाजी शेजारी उभे होते, पण त्यांचं लक्ष नवऱ्या मुलाकडे नव्हतं, सुजाताकडेही नव्हतं. मावशीनं हार उचलला. हात खांद्यापर्यंत गेला, खांद्याच्या वर गेला. मावसाजीही नकळत तिच्याबरोबर टाचा उंचावत, हात वर नेत होते. आणि सगळ्या शांततेत आवाज आला, टर्रर्र!

माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा हार तसबिरीला घातलेला होता आणि मावशीचा ब्लाउज जसाच्या तसा होता. मावसाजींचा स्वतःच्या लग्नातला कोट पाठीवर वरपासून खालपर्यंत उसवला होता. कोटाकडे बघायला त्यांना सवड झालीच नव्हती. हॉल हसला. सगळ्यांत मोठ्यानं मावशी हसली. मग तिनं आपला पदर त्यांच्या पाठीवर ओढून घेतला आणि त्रिसरण-पंचशील होईपर्यंत तो तसाच धरून उभी राहिली.

पुढे कितीतरी बायका आल्या, आमचाही शिवून द्या म्हणाल्या. मावसाजींनी सगळ्यांना चहा पाजला, पण शिवला कुणाचाच नाही. "मले एकच अंग येते," म्हणायचे.

या उन्हाळ्यात मावशीचं मोठं आजारपण झालं. बरी आहे, पण पार वाळली आहे. परवा गेले तेव्हा ती आत झोपली होती आणि मावसाजी दाराशी उजेडात बसून तोच जांभळा ब्लाउज लहान करत होते. टीप आत घेत होते. आतलं जादाचं कापड बोटभर सुटलं होतं. मी कात्री पुढे केली, हे कापून टाकू का म्हणून.

त्यांनी माझा हात मागे सारला.

"माया नाही कापाची वो पोरी," ते म्हणाले. "अंग भरून येईल तिचं."