सड्यावरचं विमान आणि आत्याचं सूप

दादा बोटीवरून चार महिन्यांच्या सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या पेटीत साबण, चॉकलेटं आणि निदान दोन तरी घडीच्या छत्र्या असतील असं आत्या आणि मी धरून चाललो होतो. साबण निघाले. उरलेल्या जागेत एक विमान होतं.

"माझ्यासाठी काय आणलंस?" आत्यानं विचारलं.

"हेच," पेटीतून एक लांबलचक पंख वर काढत दादा म्हणाला. "सगळ्यांना मिळून एक."

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची. बाबा पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्यामुळे आई-बाबा तिकडे कॉलनीत राहत. रत्नागिरीला मांडवीच्या घरी आत्या आणि मी. मी एका डॉक्टरांकडे एक्स-रे काढायचं काम करत होते. आत्या शाळेत कवायत शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि हाताखाली ओरडायला कुणी नाही म्हणून जराशी कंटाळली होती. माझा हा थोरला भाऊ बोटीच्या इंजिनखोलीत कामाला होता. आम्हाला समज देणारं माणूस पोफळीला असल्यामुळे पुढचं सगळं घडू शकलं.

विमान खरं होतं, म्हणजे खेळण्यातलं असून खरं. कापसासारख्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेला पांढरा कागद, नाकाशी मुठीएवढं इंजिन. खाली उभं राहून रेडिओच्या डब्यावरच्या दोन दांड्या हलवायच्या, की ते वर वळायचं. इंजिनाला स्पिरिट आणि एरंडेल मिसळून पाजावं लागे. पहिल्या दिवशी दादानं ते अंगणात सुरू केलं तेव्हा शेजारच्या चार घरांत एरंडेलाचा वास गेला.

"जुलाबाच्या औषधावर उडतंय होय!" आत्या म्हणाली. "मग वेगात जाईल."

उडवायला आम्ही गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर गेलो. रिक्षात आत्या मध्ये, तिच्या मांडीवर पंख, आणि पंखाचं टोक बाहेर. सड्यावर सगळा जांभा, तिथं चाकांवर धावत जाऊन उडणं शक्यच नव्हतं, म्हणून दादा डबा धरून उभा राही आणि मी विमान हातात घेऊन पळत जाऊन फेकत असे. फेकायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. संध्याकाळी पाच वाजता रत्नागिरीत वारा कुठून येतो? समुद्रावरून. आणि पाच वाजता सूर्य कुठं असतो? तो पण तिथंच.

मी फेकलं. विमान सुरेख वर गेलं, समुद्राच्या दिशेनं निघालं, आणि सूर्यात शिरलं.

"दिसतंय का?" दादा ओरडला.

"मला नाही! तुला?"

"मला दिसलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

मी डोळ्यांवर दोन्ही हात धरले. दादाला तेही करता येईना, त्याचे दोन्ही हात दांड्यांवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो अंदाजानं दांड्या दाबत होता. इंजिनाचा आवाज आधी डावीकडून आला, मग उजवीकडून, मग थांबला. विमान एका काजूच्या झाडात सापडलं. पंख मोडला होता.

आठवडाभर चिकटवाचिकटवी झाली. मग दादानं डोकं लढवलं, की सकाळी जाऊ, म्हणजे सूर्य पूर्वेला आणि समुद्राकडचं आभाळ मोकळं. सकाळी सातला गेलो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे मांडवीत जन्मून आम्हा दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. वाऱ्याकडे तोंड केलं, तर समोर हा मोठा तांबडा गोळा.

"दोघं संगनमतानं येतात," दादा म्हणाला. वारा आणि सूर्य यांच्याबद्दल तो हे इतक्या गंभीरपणे बोलला की मला हसू आवरेना. मग त्यानं वाऱ्याकडे पाठ करून उतरवून पाहिलं. विमान भलत्या वेगानं आलं आणि जांभ्यावर दोन्ही चाकं ठेवून पुढे निघून गेलं.

मग माझ्या नोकरीचा उपयोग झाला. चार-पाच वर्षांपूर्वीच्या मोठ्या सूर्यग्रहणाच्या वेळी लोक एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरून बसले होते, ते दादाला आठवलं. मी डॉक्टरांच्या रद्दीतून एक फिल्म उचलली, कात्रीनं कापली आणि आत्याच्या जुन्या चष्म्यावर शिवली. कुणा सद्गृहस्थाच्या बरगड्या डोळ्यांवर लावून दादा सड्यावर उभा राहिला. सूर्य त्याला एकदम छान दिसला, चार आण्याच्या नाण्याएवढा. विमान मात्र अजिबात दिसलं नाही. सडाही दिसेना. मी विमान फेकलंय हे त्याला मीच ओरडून सांगितलं.

तेव्हा आत्या पुढे झाली. "अरे, झाकायचाय सूर्य," ती म्हणाली. "तू विमान झाकून बसलायस."

दुसऱ्या दिवशी तिनं घरातलं सूप एका लांब काठीला बांधलं. दादा विमान चालवणार आणि आत्या त्याच्या बाजूला उभी राहून सूप असं धरणार, की त्याची सावली नेमकी दादाच्या डोळ्यांवर पडेल. दादा वळला की आत्यानं वळायचं. विमान फिरेल तसा तो गोल फिरे, आणि आत्या सूप उंच धरून त्याच्याभोवती. विमान पुन्हा सूर्याकडे गेलं की सुपाच्या आड दडे, मग ती सूप झटकन खाली घेई. बरं चाललं होतं. चाळीस वर्षं कवायत घेतलेली बाई, पाय बरोबर पडत होते.

सड्यावर सरपणाची फाटी गोळा करायला आलेल्या दोन बायका मात्र आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. आमच्या त्या लक्षातही आल्या नाहीत. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र असं: दिवस मावळतोय, एक तरुण हातात डबा घेऊन आभाळाकडे टक लावून उभा आहे, पांढऱ्या केसांची एक बाई त्याच्यावरून सूप फिरवते आहे, आणि लांब उभी असलेली एक मुलगी ओरडते आहे, "आलं! आलं! अंगावर आलं!" पांढरं विमान उजेडात त्यांना काही दिसलं नसणार. आम्हालाच कुठं दिसत होतं!

दोन दिवसांनी आमची मासेवाली आली. टोपली उतरवली, पदरानं तोंड पुसलं, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "आत्यानू, एक इचारू काय? रागावू नका. पोराला बोटीवर कायतरी लागलंय म्हनतात."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा ती असं बघायची.

"लागलंय खरं," आत्या म्हणाली. "तिकडूनच घेऊन आला तो. पेटीतून."

"अगं बाई! पेटीतून?"

"पंख आहेत त्याला. संध्याकाळी पाचनंतर फार त्रास देतं. डोळ्यांपुढं काही दिसत नाही बिचाऱ्याला."

"मग आता?"

"सूप धरलं की जरा बरं असतं."

मासेवालीनं मान हलवली, दोन बांगडे जास्तीचे टाकले आणि टोपली उचलली. ती गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, अगं खोटं कशाला सांगितलंस?"

"एक तरी वाक्य खोटं होतं का सांग," असं म्हणून ती बांगडे धुवायला बसली. मी सगळी वाक्यं पुन्हा आठवून पाहिली. एकही खोटं नव्हतं.

शनिवारी आम्ही सड्यावर पोचलो तर सात-आठ माणसं आधीच येऊन बसलेली. पुढे मासेवाली, तिच्या शेजारी तिचा दीर. तो मोठ्या होडीवर तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. गेले दहा दिवस त्याची मान आखडली होती आणि मान एका बाजूला ठेवून तो जगाकडे तिरका बघत होता. सूप त्याच्यावरूनही फिरवावं म्हणून त्याला आणलं होतं.

दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं, विमानाची कीर्ती पसरली. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, केसांवरून हात फिरवला आणि इंजिन सुरू केलं. एरंडेलाचा धूर निघाला. मी पळत गेले, फेकलं, विमान सगळ्यांच्या डोक्यांवरून वर चढलं.

तांडेलाची सोडून सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"ह्ये तर इमान हाय!" मासेवाली म्हणाली. मग ती आत्याकडे वळली आणि कमरेवर हात ठेवले. "आत्यानू, माजे दोन बांगडे परत द्या."

"खाऊन झाले," आत्या सूप न हलवता म्हणाली. "मी पंख आहेत असं सांगितलं होतं की नाही?"

बाकीची माणसं हसायला लागली. दादा कावराबावरा होऊन "कसले बांगडे? काय झालं?" असं विचारत होता, त्यात त्याचं विमानावरचं लक्ष उडालं आणि विमान सरळ सूर्यात घुसलं. आत्याच्या सुपाचा काही उपयोग झाला नाही, कारण आत्याचंही लक्ष मासेवालीकडे होतं.

"गेलं!" दादा ओरडला. "कुणाला दिसतंय का? कुणाला तरी?"

"डोलं फाडून सूर्यात बगू नको," मागून शांत आवाज आला. तो तांडेल होता. मान वाकडीच, डोळे बारीक केलेले. "बाजूला बग. उजव्या हाताला. आता भायेर येल. आलं बग, खाली येतंय, वर घे, वर घे!"

दादानं दांडी ओढली. उजेडातून एक काळा ठिपका बाहेर पडला, मोठा झाला, आणि थेट आमच्या घोळक्यावर आला. सगळे आडवे झाले. तांडेल एकटा उभा होता, त्यानं जीव वाचवायला मान झटकन दुसरीकडे फिरवली, आणि कट्ट असा आवाज मला दहा हातांवरून ऐकू आला. विमान त्याच्या टोपीवरून निघून गेलं.

तांडेलानं मान डावीकडे नेली. उजवीकडे नेली. मग वर, मग खाली.

"सुटली," तो म्हणाला.

मासेवालीनं कमरेवरचे हात काढले आणि आत्यासमोर जोडले. आत्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी आधी कधी पाहिले नव्हते. तिनं सुपाची काठी हळूच पाठीमागे नेली.

विमान उतरल्यावर तांडेल दादाजवळ येऊन बसला. डबा हातात घेऊन त्यानं उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "सांजच्याला दर्या असा चकाकतो, की जाल्याचा तरंगता बोया दिसत नाय. मग आमी काय करतो? बोया चकाकीत येऊच देत नाय. आपली होडी बाजूला घेतो. तू हितं खांबासारका हुबा रातोस आनि इमानाला सूर्यात धाडतोस. तू हाल की."

इतकं साधं होतं. पुढच्या खेपेपासून दादा वाऱ्याशी कोन करून उभा राहू लागला, सूर्य उजव्या खांद्याच्या बाजूला ठेवून. त्या बाजूचं आभाळ जणू आपलं नाहीच असं त्यानं ठरवून टाकलं. विमान डावीकडेच फिरवायचं, सूर्याची सरहद्द जवळ आली की वळवायचं. चुकून गेलंच, तर घाबरून दांड्या ओढायच्या नाहीत. होतं तसं धरून ठेवायचं आणि ते दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची वाट पाहायची. पंखांच्या खालच्या अंगाला त्यानं तांडेलाकडचाच होडीचा काळा रंग दोन पट्टे ओढून लावला. विमान जड झालं पण दिसायला लागलं.

आत्याच्या सुपाला सड्यावर काम उरलं नाही. घरी मात्र त्याची मागणी वाढली. मान, पाठ, खांदा आखडलेली माणसं अंगणात येऊन बसत. आत्यानं प्रत्येकाला आधी सांगून पाहिलं की मी काही करत नाही, कुणी ऐकेना. शेवटी तिनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सूप हातात घेऊन कवायत सुरू केली. "मान डावीकडे! एक, दोन! बाई, तुम्ही, हसू नका! मान उजवीकडे!" निम्म्यांना खरंच बरं वाटलं. बांगडे यायचे ते थांबले नाहीत, आणि आत्यानंही थांबवले नाहीत. दादा म्हणे, माझं विमान आणि धंदा हिचा.

मे महिन्यात दादाची सुट्टी संपत आली, तेव्हा एका संध्याकाळी त्यानं डबा माझ्या हातात दिला. आधी त्यानं विमान वर नेऊन दिलं आणि मग तो बाजूला झाला. मी दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले. सूर्य उजवीकडे, विमान डावीकडे, दांडी थोडीशी दाबली की पंख कलतो, सोडली की सरळ होतो. आत्या "पाठ ताठ ठेव!" असं ओरडत होती. त्याचा विमानाशी काही संबंध नव्हता, पण मी ताठ झाले.

चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला इंधन संपलं आणि इंजिन बंद पडलं. त्यानंतरची शांतता फार मोठी वाटली. विमान हळूहळू तरंगत खाली येत होतं. मी उजवीकडे अजिबात पाहिलं नाही. "सरळ, सरळ, आता जरा नाक वर," दादा माझ्या कानाशी पुटपुटत होता. ते सड्यावर उतरलं असतं, खरंच उतरलं असतं, पण शेवटच्या क्षणी मला आनंद झाला आणि अंगठा हलला.

करवंदांच्या जाळीत गेलं. अगदी मधोमध.

आम्ही तिघं धावत गेलो. कागदाला काट्यांनी दोन मोठी भोकं पाडली होती, बाकी सगळं शाबूत होतं. दादा मला काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडे बघत होते, पण तो जाळीकडे बघत होता. करवंदं पिकून काळी झाली होती, गच्च.

"आधी विमान काढूया," मी म्हटलं.

"ते कुठं पळून जातंय?" आत्या म्हणाली. तोवर तिच्या पदरात मूठभर पडलीही होती. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो. घरी आलो तेव्हा तिघांची बोटं जांभळी झाली होती आणि दादाच्या विमानाच्या पंखांवर माझ्या अंगठ्याचे चिकट ठसे उमटले होते. ते पुसायला त्यानं मला रात्री जेवणानंतर बसवलं.