पंधरा मिनिटांचा नेपाळ

सुरतेत आमच्या लिंबायतच्या लूमच्या शेडमध्ये किस्से कापसाच्या तुसासारखे साठतात. रोज झाडले तरी दुसऱ्या दिवशी कानाकोपऱ्यात पुन्हा जमा. मी चौथी नापास, पण लूम दुरुस्त करतो म्हणून सगळे 'मास्तर' म्हणतात. तेव्हा मास्तराचं ऐकून घ्या.

*

मागल्या वर्षी शेठनं गेटावर नेपाळचा तिलकराम ठेवला. आमची दिवसपाळी, सकाळी आठ ते रात्री आठ. पहिल्याच सकाळी आमचा भिका पावणेआठ उलटून गेल्यावर पोचला, तर गेट बंद आणि तिलकरामच्या हातात लेटबुक. महिन्यात तीनदा लेटबुकात सही केली की लूम दुसऱ्याला. अमळनेरकडच्या आमच्या भिकाची तर दरमहा दोन सह्यांची सवयच.

भिकानं मोबाईल पुढं केला. "मना मोबाईलमा आठ नही वाजनात अजून!"

तिलकरामनं मनगट पुढं केलं. आठ वाजून तीन मिनिटं.

"घड्याळ बिघडेल शे तुनं."

"बिगडा नहीं है भाई. नेपाल का है."

*

घरी नातीला विचारलं. ती कॉलेजात शिकते, त्यामुळे आजोबाला शिकवायला तिला फार आवडतं. म्हणाली, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं. त्यांनी गौरीशंकर नावाच्या डोंगरावरून लावलंय, आपण मिर्झापूरवरून. "खरं म्हणजे आजोबा, सूर्याप्रमाणं बघितलं तर आपली सुरत मिर्झापूरच्या अर्ध्या तासाहून जास्त मागं आहे."

"मग सुरतेला वेगळा टाइम का नाही?"

"रेषा सूर्य आखत नाही, आजोबा. सरकार आखतं. कुठं कुठं तर एकाच देशाचे दोन-तीन तुकडे केलेत टाइमाचे."

हे मी भिकाला सांगितलं. ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी तो आरामात साडेआठला आला आणि तिलकरामला म्हणाला, "तू डोंगरना टाइमवर, मी सूर्यना टाइमवर. माले अजून आठ वाजाना शेतस."

दुसरी सही.

*

सरकार रेषा आखतं तर मास्तरानं का आखू नये? कापडाच्या ताग्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि गेटाच्या बरोबर मधोमध आडवी रेघ मारली. आतल्या बाजूला लिहिलं 'नेपाळ', बाहेर 'हिंदुस्थान'. कामगार बिडी ओढायला परदेशातून मायदेशी यायला लागले.

पुढच्या सकाळी भिका आठला दहा कमी असताना आला. एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे.

"एक पाय लेट, एक टाइमवर. मास्तर, याले सांग, अर्धीच सही करसू."

आणि खरंच, लेटबुकात 'भि' लिहून थांबला.

तिलकरामनं पान बघितलं, घड्याळ बघितलं. "ठीक है. बाकी का 'का' पंद्रह मिनट बाद लिखना."

*

शेठला सकाळचा नेपाळ फार आवडला. माणसं पाव तास आधी येतात, लूम आधी सुरू होतात. पण नेपाळ संध्याकाळीही होता. पावणेआठ वाजले की तिलकराम गेट सताड उघडायचा. "आठ बज गये. छुट्टी." आम्ही पटापट बाहेर.

एका संध्याकाळी शेठ गेटावर आले. "केम भाई, आ शुं छे? सकाळी तुझं घड्याळ चालू दे. दुपारी जेवलास की पंधरा मिनिटं मागं करायचं."

तिलकरामनं हात जोडले. "सेठजी, वहाँ घर में माँ जिस बखत दिया लगाती है, मैं भी उसी बखत हाथ जोड़ता हूँ. माँ को दोपहर में पीछे कैसे करूँ?"

शेठ म्हणाले, "मग सोमवारपासून पूर्ण हिंदुस्थान. नाहीतर बिस्तरा बांध."

त्या संध्याकाळी कोणी थट्टा केली नाही. लेटबुकात दोन अख्ख्या आणि एक अर्धी सही असलेला भिकासुद्धा म्हणाला, "मानूस खडूस शे, पन टाइमले एक शे. सकाळले येक आनि संध्याकाळले येक, असं पाप त्याना मनमा नही."

शनिवारी मी शेठच्या ऑफिसात गेलो. आमचे शेठ महादेवाचे पक्के भक्त. दर सोमवारी बेल वाहिल्याशिवाय चहा घेत नाहीत.

म्हटलं, "शेठ, त्याचं घड्याळ गौरीशंकरानं लावलंय. कॉलेजातल्या पोरीनं सांगितलंय, मी नाही. मागं करायचंच असेल तर तुम्ही तुमच्या हातानं करा. माझी काय हिंमत."

शेठनं भिंतीवरच्या महादेवाच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "जा, लूम बघ."

*

सोमवारी तिलकरामचा बिस्तरा बांधून स्टुलाशेजारी ठेवलेला. घड्याळ मात्र अजून नेपाळातच होतं. आम्ही सगळे साडेसातलाच आत. भिका तर सर्वांत आधी आला होता, सात वाजून दहा मिनिटांनी. कोणत्या देशाच्या, ते मी विचारलं नाही.

आठला दहा कमी असताना शेठची स्कूटर आली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे.

गेट बंद.

"खोल," शेठ म्हणाले.

तिलकराम उभा राहिला. दोन्ही हातांनी लेटबुक पुढं केलं. "सेठजी, आठ बजकर पाँच हुआ."

आत लूम चालू होते, पण लूमजवळ कोणी नव्हतं. सगळे गेटाच्या गजांना चिकटलेले. शेठनं आपलं मनगट वर करून बघितलं. मग बिस्तऱ्याकडं बघितलं.

भिकानं आतून, गजांमधून, स्वतःचं पेन पुढं केलं.

शेठनं ते घेतलं. भिकाच्या अर्ध्या सहीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. वेळेच्या रकान्यात लिहिलं, आठ वाजून पाच.

तिलकरामनं कुलूप काढलं. शेठ माझ्या जवळून पुढं गेले, दोन पावलं जाऊन थांबले आणि मागं न बघता म्हणाले,

"मास्तर, आजे सोमवार छे. महादेवनो वार."