उतारा

फिनाईलचा वास आला की कॉलेजातला पहिला तास आठवतो. फरशी ओलीच होती, खिडकीतून क्रांती चौकातले हॉर्न ऐकू येत होते. सरांनी मला इंग्रजी पुस्तकातला उतारा वाचायला लावला. आमच्या गावच्या शाळेत न अडखळता मोठ्यानं वाचलं की शाबासकी मिळायची, तसंच मी खणखणीत वाचलं. सर म्हणाले, “आता पुस्तक मिट अन् काय वाचलंस ते सांग. मराठीत सांगितलं तरी चालंल.” मला तर त्यातलं काहीच कळलं नव्हतं. शेजारची मुलगी कुजबुजली, “लई भारी वाचलंस, सांग की आता.” परवा दवाखान्यात तोच वास होता. वडिलांच्या ऑपरेशनआधी सही करायचा इंग्रजी कागद मी वाचला. “काय लिहिलंय गं त्यात?” वडिलांनी विचारलं. या वेळी शब्द न् शब्द कळला होता, जिवाला धोका असल्याचं वाक्यसुद्धा, तरी तोंड उघडेना.