येडं कुणाला म्हणायचं

तरुण पोरापोरींच्या मनाचे आजार गावात कसे ओळखायचे, हा माझ्या संशोधनाचा विषय. तो सांगितला की लोक आधी माझ्याकडेच काळजीने बघायचे. मी परभणीचीच, पण चार वर्षं पुण्यात राहून जीभ सरळ करून आले होते आणि त्याचा मला भारी तोरा. दारात 'विद्यापीठातून आले' म्हणायची नामांतराच्या त्या वर्षांत सोय नव्हती. विद्यापीठाच्या नावावरूनच ओसरीवर असा वाद पेटायचा की माझा फॉर्म बाजूला राहायचा. म्हणून मी आपली 'सर्व्हेवाली' म्हणून शिरायचे.

फॉर्म माझ्या सरांनी पुण्यात बसून केलेला, शुद्ध मराठीत. झरी गावात पहिल्याच दिवशी त्याची पार वाट लागली.

'इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?'

'येतात की,' एक पोरगी म्हणाली. 'आमचे आजोबा ठार बहिरे हायेत.'

'कुणी तुमच्यावर पाळत ठेवून आहे असं वाटतं का?'

'वाटतं कशाला? ती काय चुलती, खिडकीतून बघायलीय.'

मी वळून पाहिलं. बघत होती.

आणि 'तुम्हाला कुणी वेडं म्हणतं का?' याला तर घरोघर एकच उत्तर, 'दिवसातून धा येळा.' आमच्याकडे येडं म्हणजे लाडाचं, रागाचं, हाक मारायचं, सगळ्याचंच नाव. माझ्या सरळ जिभेला ते आठवलंच नाही. मी इमानेइतबारे 'होय'वर खुणा करत गेले. त्या खुणांप्रमाणे अख्खी झरी दवाखान्यात भरती करावी लागली असती, आणि पहाऱ्याला चुलतीला नेमावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी एका घरी कॉलेजातला पोरगा भेटला. परीक्षा सोडून घरी येऊन बसलेला. मान खाली, प्रत्येक प्रश्नाला 'न्हाई'. आवाज न्हाई, पाळत न्हाई, येडा कुणी म्हणत न्हाई. मी खूश. म्हटलं, चला, गावात एक तरी शहाणा निघाला. फॉर्मवर ठसठशीत 'निरोगी' लिहिलं आणि चहाला बसले.

त्याची माय सगळ्या घरावर ओरडत होती. 'ए येडे, कप धुतले का?' हे लेकीला. 'येडं कुठलं, दावं तोडायलंय,' हे वासराला. नवऱ्यालाही तिनं सोडलं नाही. फक्त त्या पोराशी बोलताना तिचा आवाज एकदम खाली यायचा. 'च्या घेतो का, बाळा?' एवढंच. अख्ख्या गावात ज्याला कुणी येडं म्हणत नव्हतं, असा तो एकटाच होता.

मी कप घेऊन चुलीपाशी गेले. विचारलं, 'त्याला तेवढं येड्या म्हणत नाही तुम्ही?'

तिचा भाकरी थापणारा हात थांबला. 'लय म्हणायचे, बाई. आता भिंतीशी बोलायलंय. जेवणात कुणी इख कालवायलंय म्हणतंय. खोटं होतं तवर म्हणले. आता कसं म्हणू?' मग ती रडायलाच लागली. 'माझं पोरगं मला परत पायजे.'

माझी मलाच लाज वाटली. परत जाऊन 'निरोगी' खोडलं. त्याच आठवड्यात मायलेकांना एस.टी.त घालून परभणीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मायने पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला. त्या दोघांचं भांडण लावायला मी गेले नाही. गोळी चुकवायची नाही, एवढं मात्र दर फेरीला बजावत राहिले.

चारपाच महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म घेऊन गेले. या वेळी चहा पोराने स्वतः केला. पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. मायने माझ्या हातातला कप घेऊन चव पाहिली.

'येड्या, मीठ घातलंस की रे,' ती ओरडली आणि लगेच पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

पोरगा माझ्याकडे वळला. 'बाई, तो प्रश्न परत इचारा की. येडा कुणी म्हणतं का, तो.'

मी विचारला.

'म्हणती ना,' तो म्हणाला. 'माय.'